हिरवी पेन्सिल

कचेरीने मला एक सायकल दिली, बेटाचा एक नकाशा
आणि हिरवी पेन्सिल.
तासाला पाचाहून कमी गाड्या जातात
तो रस्ता हिरवा करायचा. एवढंच काम.

उन्हाळ्यात इथे रात्री अकरापर्यंत उजेड मावळत नाही,
म्हणून मी जेवण उरकूनही निघते.
काल उत्तरेच्या वाटेवर तासाभरात मोजलं :
दुधाचा टँकर, एक.
ट्रॅक्टर, एक. त्यावर बाप, बापाच्या मांडीवर पोर,
दोघांच्या टोप्या एकाच लोकरीच्या.
आणि एक कोल्हा.
तो गाडीत धरत नाहीत, तरी मी त्याचीही रेघ ओढली.

रस्ता आधी पायांना कळतो, डोळ्यांना मागाहून.
डांबर संपलं की चाकाखाली खडी बोलायला लागते,
मग वाळू, मग काहीच नाही.
दोन्ही अंगांना जुनिपरची झुडपं, गुडघाभर दगडी कुंपणं,
कुणी रचली हे आता दगडांनाही सांगता येणार नाही.
बसथांब्यावर बस येते आठवड्यातून दोनदा,
पण बाकावर कुणीतरी विणलेली उशी ठेवलीय
आणि ती कोरडी आहे.

लेपनीनाला शेवटचं घर हेल्दुरचं.
बायकोची सायकल उलटी ठेवून
तो साखळीला तेल घालत होता.
बायको गेली, टोपली तशीच आहे पुढे.
"काय लिहितेस?"
"शांत रस्ते."
हसला. मग हसू तसंच तोंडावर विसरून म्हणाला,
"हा तर हुकमाने शांत होता."

तो नऊ वर्षांचा असताना
घरापासून समुद्र चारशे पावलांवर होता,
पण चारशे पावलं कुणी टाकायची नव्हती.
त्या अल्डरच्या झाडापाशी आडवा दांडा, दांड्याशी शिपाई.
होड्या कुरणात रचून पेटवल्या होत्या;
डांबर लावलेलं लाकूड, दोन दिवस जळत राहिलं.
रोज संध्याकाळी किनाऱ्यावरून कुळव फिरायचा,
वाळू विंचरून ठेवायची
आणि पहाटे वाचायची : कुणाचं पाऊल उमटलंय.
बगळ्यांना मुभा होती.
"लिही," म्हणाला, "तासाला गाड्या शून्य.
कित्येक वर्षं."

माझ्याजवळ पेन्सिल एकच.

मग तो म्हणाला, चल.
दांड्याचा एक खांब अजून उभा आहे,
त्यावर कुणीतरी पत्रपेटी ठोकलीय.
तिथे पोचल्यावर त्याने पायडल मारायचं थांबवलं,
क्षणभरच, चढ नव्हता तरी,
जशी एखाद्याला उंबऱ्यावर वाकायची सवय असते
दार उंच करून घेतलं तरी.

किनाऱ्यावर ओहोटी लागलेली, वाळू घट्ट.
तो उतरला नाही. सरळ पाण्याच्या कडेकडेने गेला,
डुगडुगत, एक हात टोपलीवर,
दूरच्या दगडाला वळसा घालून परत आला
आणि स्वतःच्या चाकांची रेघ ओणवून न्याहाळू लागला.
"कोण गेलं असेल बरं इथून?"
मी गप्प राहिले. हा प्रश्न मला नव्हता.
"पुढचं चाक हलतं त्याचं," तो म्हणाला, "म्हातारा दिसतो."

नकाशावर मी तेवढा तुकडा हिरवा केला.
हात जरा जड पडला, कागद किंचित उकलला.
कचेरीत विचारतील तर सांगेन, वारा होता.

आणि वारा होताच. परतताना थेट तोंडावर.
तो पुढे, मी त्याच्या आडोशाला,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरी दिलेला मासा
माझ्या पाठपिशवीत अजून कोमट.
वळणावर एक गाडी आली, पिवळी, टपालाची.
दोघांनी हात केला. तिने दिवे मिचकावले.
मी थांबून
रेघ ओढली : एक.